लोखंड न लावता

"झटक! पिशवी झटक म्हन्तो ना! एक सुई जरी निघाली तर बोटं छाटून देवीपुढं ठिवीन!"

दगडोबा ओरडत होता. असा ओरडत होता की दारातल्या लिंबावरचे कावळे उडाले ते थेट शिरूर कासारला जाऊनच टेकले असतील. मी पिशवी उलटी केली. ओसरीवर माझा सगळा संसार सांडला. लाकडी फण्या, बाभळीचे काटे, रिठ्याची पुरचुंडी, शिकेकाईची पूड, जवस, मेथ्या, एरंडेलाचं मडकं.

"हे काय?"

"रिठा. खाऊन बघा, तोंड सोच्छ व्हईल."

बाया पदरात हसल्या. दगडोबा हसला नाही.

"आन् हे काटे?"

"बाभळीचे हायत. तुमच्याच बांधावरचे. सुई चालत न्हाई म्हनला ना?"

त्यानं माझ्या बांगड्या बघितल्या, पायातली जोडवी बघितली, अंबाड्यात काही खोचलंय का ते बघितलं. एवढी झडती तर निजामाच्या नाक्यावर अफूवाल्याचीसुद्धा होत नसे. शेवटी ओट्यावरून आवाज आला, "बास कर दगडू. लोखंड न्हाई तिच्यापाशी."

ती तान्हुआक्का. देवीची आराधीण. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, कुशीला परडी. डोक्यावर जट होती, माझ्या मनगटाएवढी जाड आणि कमरेच्या खाली गेलेली. ती जट तिनं फडक्यात गुंडाळून डोक्यावर अशी रचली होती की लांबून वाटावं, बाईच्या डोक्यावर घोरपड निजलीय.

आणि आतल्या भिंतीला टेकून, मान एका बाजूला टाकून बसली होती गिरजा, दगडोबाची पुतणी. वय दहा-अकरा. तिच्यासाठीच मला बीडहून बैलगाडीत घालून आणलं होतं. दिवस मावळायच्या आत मला तिच्या डोक्यावरची जट सोडवायची होती. लोखंड न लावता, आणि एकही केस न तोडता. जमलं तर पोरगी आईजवळ राहणार होती. नाही जमलं तर तान्हुआक्का तिला परडी देऊन घेऊन जाणार होती.

आता मी कोण, ते सांगते. मी बीडची वारकीण. आमच्याकडे न्हाव्याला वारीक म्हणतात. माझा नवरा पुरुषांची डोकी भादरायचा आणि मी बायकांची धुवायची. त्यानं जन्मभर केस काढले, मी जन्मभर राखले. संसार बरोबरीत सुटला. अक्षरं मी म्हातारपणी शिकले, त्यामुळं ती बैलाच्या शिंगांसारखी येतात. छापणारांनी सरळ करून घ्यावीत. बाकी मजकुराला फणी लावू नये.

पुण्यामुंबईच्या बायांना सांगितलं पाहिजे की तेव्हा बाटलीतलं फेसाळ पाणी नव्हतं. होता तो रिठा. बी काढून रात्रभर भिजवायचा, सकाळी एक कढ द्यायचा आणि हातानं घुसळायचा. त्याच्या फेसानं मळ जातो आणि केस जागेवर राहतो, फक्त डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. तहसिलातल्या एका साहेबाच्या डोळ्यात गेला होता, तो तीन गावांचे निकाल रडत रडत देऊन मोकळा झाला. शिकेकाई जरा कडक, ती मेथीच्या बुळबुळीत कालवायची. आणि राठ, कुरळ्या, रुसलेल्या केसांना जवस. जवस पाण्यात उकळला की अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरतो. तो गाळून कोमट कोमट केसांना चोळायचा आणि फणी शेंड्याकडून मुळाकडे चढवत न्यायची. शेंड्याकडून! लोक मुळापासून ओढतात आणि मग म्हणतात केसच खराब. आपल्याला कुणी मानेपासून ओढलं तर आपणही खराबच निघू.

गिऱ्हाइकं माझी एकेक होती. बीडमधल्या एका अंमलदाराच्या बेगमेचे केस इतके लांब की ती माडीवर न्हायला बसायची आणि शेंडे मी खाली अंगणात धुवायची. एकदा शेंड्याला शेळी लागली. बेगमेला वर कळलं तोवर शेळी कसाबगल्लीच्या तोंडाशी पोचली होती. बेगम मोठ्या मनाची. म्हणाली, "जाने दो सगुना, बकरी भी औरत है, उसे भी अच्छे बाल चाहिए."

आणि तेलगावच्या एका जमीनदाराची लेक होती. तिचे केस कुरळे, म्हणजे असे की वारा आत शिरला तर बाहेर निघायला त्याला संध्याकाळ व्हावी. कुरळ्या केसांची सून घरात नको, अशी कैक घरांची समजूत. म्हणून दाखवायच्या दिवशी मी तिचं डोकं जवसाच्या रसानं असं चापून बसवलं की त्यात दिवा दिसावा. मुलाच्या आत्यानं कौतुकानं डोक्यावरून हात फिरवला, तो हात तिथंच चिकटला. आत्याला वाटलं, पोरीनं धरूनच ठेवलं, मायाळू आहे. लग्न जमलं.

पहिल्या न्हाण्याला केस उसळले. सासूनं मग तिला डोक्यावरचा पदर कधी काढूच दिला नाही. मला आठवड्याला बोलावणं येई, दार लावून केस बसवायला. ती बाळंतपणात गेली. शेवटचं न्हाणं मीच घातलं. सासू दारातून म्हणाली, "जवस लाव गं, लोक बघतील." मी नुसता रिठा लावला. केस वाळले तसे वर उठले, गोल गोल, चितेपर्यंत तसेच. ह्या कामात हसायचं आणि रडायचं पाणी एकाच घंगाळात असतं, तेव्हा मला कुणी विचारू नये की मधेच सूर कसा बदलला.

तर गिरजा.

त्याच्या आदल्या साली तापाची साथ आली होती. घरंच्या घरं आडवी झाली. पाणी पाजायला माणूस नाही, तिथं पोरीचं डोकं कोण विंचरणार? गिरजाचा बाप गेला. चुलता दगडोबा, त्याची दोन पोरं गेली, धाकटं एक राहिलं. ते तापानं फणफणलं तेव्हा दगडोबानं देवीपुढं डोकं आपटलं, "एवढं एक राहू दे, तू मागशील ते दीन." पोरगं वाचलं. आणि गिरजा अंथरुणातून उठली तेव्हा तिच्या डोक्यावर जट होती.

जट म्हणजे काय, ते मी चारचौघांत सांगितलं तर लोक मारायला उठायचे. तापात केस गळतात. गळलेले केस विंचरून काढले नाहीत तर ते डोक्यावरच्या केसांत गुंततात, घाम आणि धूळ त्यात बसते, उशीला घासून घोंगडीसारखा घट्ट नमदा होतो. तेल नाही, पाणी नाही, की झाली जट. पण गाव म्हणतं, देवी आली. मग त्या डोक्याला हात लावायचा नाही, लोखंड तर नाहीच. कापली तर घरातलं माणूस जातं. ज्या पोरीला जट आली ती देवीची. तिचं लग्न नाही, घर नाही. परडी घेऊन दारोदार.

दगडोबा वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याला वाटत होतं, मागितलेलं देवीनं घेतलं. ते दिलं नाही तर धाकटं नेईल. तो ओरडायचा ते भ्यायल्यामुळं.

गिरजाची आई भागू मला गाठायला पायी बीडला आली होती. दारात बसली आणि म्हणाली, "बाई, तुमी लई गुंते सोडवता म्हनं. माझं एक सोडवा." तिनंच तान्हुआक्काचे पाय धरले होते, आणि तान्हुआक्कानंच ती अट घातली होती. न कापता, न तोडता सुटली तर देवीनं सोडली असं समजू.

मी बसायच्या आधी सगळ्यांसमोर आक्काला विचारून घेतलं. मी काही काल जन्मले नव्हते.

"आक्का, हिच्यात मेलेले केस लई हायत. ते निघनारच. ते काय तुटलेले धरायचे न्हाईत. गळलेल्या केसाला मुळाशी पांढरा दाना असतो, तुटलेल्याला नसतो. हे बगा." मी माझाच एक केस उपटून तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उजेडाला धरला.

"दिसतो," ती म्हणाली. "दाना असला तर तुटला न्हवं."

"आयकलं का दगडोबा?"

"आयकलं," दगडोबा म्हणाला. "ती म्हनंल ते."

बीडला आली तेव्हाच मी सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणं भागूनं आदल्या सांजेलाच पोरीच्या डोक्यात एरंडेल मुरवलं होतं आणि रिठा भिजत घातला होता. आता रिठ्याचं कोमट पाणी सोडलं. पहिलं पाणी जे निघालं ते डांबरासारखं. दुसरं तसंच. आणि इथं एक घोटाळा झाला. त्या गावात पाणी नव्हतं. शिरूरच्या अंगाला उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय, हे बिंदुसरा नदीच्या काठच्या मला काय माहीत? भागूच्या दोन घागरी दुसऱ्या धुण्यातच संपल्या. मी नुसती बसून राहिले, हातात पोरीचं डोकं.

तेव्हा शेजारची एक बाई उठली. घरी जाऊन कळशी आणली, माझ्यापुढं ठेवली आणि परत जागेवर बसली. मग दुसरी उठली. दुपारपर्यंत त्या दारात कळश्यांची रांग लागली. त्या दिवशी त्या गावात कुणी भाकरीखेरीज काही शिजवलं नसणार. एकीनं कळशी ठेवताना माझ्या कानाशी पुटपुटलं, "माझ्या भनीला न्हेलतं." तेवढंच.

बाभळीच्या काट्यानं एकेक बट सुटी करायची, जवसाचा रस चोळायचा, मेलेले केस ओढून नाही, सरकवून काढायचे आणि फडक्यावर ठेवायचे. फडक्यावर ढीग वाढत होता. जटेच्या बुडाशी पोचले तेव्हा वास आला. खाली कातडी सडली होती. उवांनी आणि खाजवण्यानं जखम झाली होती आणि जखमेत आळ्या होत्या. भागूनं तोंडात पदर कोंबला. मी हळद आणि कडुलिंबाचं पाणी लावलं.

"दुखतंय का गं?"

"न्हाई. खाजतंय."

"मग सांगितलं कावून न्हाई कुनाला?"

"देवी चालती डोक्यावरून, आसं काका म्हनले." मग जरा थांबून, हळूच, "मावशी, देवीला इतके पाय असत्यात का?"

मी हसले. तीही हसली. हसताना तिची मान पहिल्यांदा सरळ झाली. तिला उताणं निजून कैक महिने झाले होते, जटेचा दगड टोचायचा. म्हणाली, "आज मी उतानी निजनार. आभाळ बघत."

तान्हुआक्का सबंध दिवस ओट्यावरून हलली नाही. पाणी प्यायली नाही. दुपारी तिनं विचारलं, "वारकीन, जुनी असली तर सुटती का गं?"

"सुटती की! तीस वर्साची आना, चाळीस वर्साची आना. तुमची बी सोडू का आक्का? तीत हरवलेली येखादी म्हैस बी निघंल!"

सगळ्या बाया खदखदून हसल्या. गिरजाही हसली. आक्काचा हात तेवढा फडक्यात गुंडाळलेल्या जटेवर गेला आणि तिथंच राहिला.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा शेवटची गाठ सुटली. मी शेवटचं पाणी घातलं, जवसाचा हलका हात फिरवला आणि लाकडी फणी शेंड्यापासून मुळापर्यंत चढवली. कुठं अडली नाही. त्या बेगमेचं डोकं मी धुतलंय, जमीनदारणींची धुतलीत, पण माझ्या हातून एवढं सुंदर डोकं दुसरं झालं नाही. गेले ते केस गेले, पण राहिले ते कंबरेपर्यंत सरळ, पाण्यासारखे. पोर दोन्ही हातांनी पुढं ओढून स्वतःचेच केस बघत होती, कुणा दुसरीचे असल्यासारखे.

भागू आक्काच्या पायावर पडली. "सुटली आक्का. बगा. सुटली."

आक्का खाली उतरली. फडक्यावरच्या ढिगाशी उकिडवी बसली आणि एकेक केस उचलून बघू लागली. मी शेजारी बसून दाखवत होते, हा बघा दाणा, हा बघा. मी चार गप्पा मारते, शेळीची लांबवते, हे कबूल. पण केसाच्या बाबतीत मी खोटं सांगत नाही. त्या ढिगात तुटलेला केस नव्हता. आक्काची नजर चांगली होती, तिला दिसत होतं. तिनं लई वेळ बघितलं. इतका वेळ की दगडोबानं धाकट्याला कडेवर उचलून घेतलं आणि पोटाशी घट्ट धरलं.

मग तिनं एक केस बोटाला गुंडाळला, मूठ मिटली आणि उभी राहिली.

"तुटलाय."

"कुठं?" मी ओरडले. "दावा! मूठ उघडा!"

"तुटलाय म्हन्ते ना."

"दगडोबा, बगा तरी! ती मूठ उघडायला लावा! ह्या बाया हायत, हितं दिसभर बसल्यात, इचारा त्यांना!"

बाया खाली बघत होत्या. सबंध दिवसाचं पाणी आणून देणाऱ्या त्याच बाया. दगडोबानं मुठीकडं बघितलंच नाही. त्यानं पोराचं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबलं आणि म्हणाला, "ती म्हनंल ते, ठरलं होतं."

भागूनं पोरीला मिठी मारली ती सोडवायला तीन माणसं लागली. ह्यात मी काही वाढवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजा गेली. कुशीला परडी, गळ्यात माळ. केस मोकळेच, नुकते धुतलेले, चालताना पाठीवर हलत होते, उन्हात चमकत होते. मी आक्काला म्हणाले, "जट तर न्हाई आता. कशाला नेता?" ती म्हणाली, "यील." आणि बरोबरच होतं तिचं. तेल-फणी बंद केली की कुठलंही डोकं गुंतायला वेळ लागत नाही. हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

गाडी हाकणारा मला परत बीडपर्यंत हसवायचा प्रयत्न करत होता. मला ऐकूच येत नव्हतं. हाताला एरंडेलाचा वास होता, तो कैक दिवस गेला नाही.

पुढं मी बरीच वर्षं काम केलं. जटेला हात लावायला पुन्हा मला कुणी बोलावलं नाही, कारण सगळीकडे पसरलं होतं की बीडच्या वारकिणीच्या हातून केस तुटतो. ते एक मला आजही झोंबतं. माझ्या हातून केस तुटत नाही.

साल-दोन सालांनी तान्हुआक्का माझ्या दारात जोगवा मागायला उभी राहिली. एकटी. मी विचारलं, "गिरजा कुठाय?"

"पुढच्या आळीत हाय."

"आली का जट?"

"आली."

मी सुपातलं पीठ तिच्या परडीत घातलं. हात मागं घेतला नाही. परडीची कड धरूनच ठेवली.

"आक्का, आता हितं कुनी न्हाई. दगडू न्हाई, गाव न्हाई. दाना दिसला होता ना तुमाला?"

"दिसला होता."

"मग तुटला कावून म्हनला?"

तिनं डोक्यावरचं फडकं सावरलं. माझ्याकडं बघितलं नाही. पिठाकडं बघत म्हणाली,

"माझ्या वक्ताला कुनी फनी घेऊन आलं न्हवतं."